पालखीतले मूल

सोलापुराहून अक्कलकोटला जाणारे बहुतेक लोक स्वामी समर्थांच्या दर्शनाला जातात. त्यांतले थोडे जण संस्थानाचे शस्त्रसंग्रहालयही पाहून येतात. तलवारी, भाले, बंदुका, चिलखते यांची ती मांडणी आम्हीही पाहिली आहे. एवढी शस्त्रे एका जागी पाहिली, की हे संस्थान कोणा पराक्रमी पुरुषाने तलवारीच्या बळावर मिळविले असणार, असे पाहणाऱ्याला सहजच वाटते. प्रत्यक्षात अक्कलकोटच्या राजघराण्याचा आरंभ एका हरलेल्या घरात झाला. तो एका विधवेने केला, आणि तिच्या हाती शस्त्र नव्हते.

गोष्ट १७०७ सालची आहे. औरंगजेब मरण पावला होता आणि १६८९ पासून मोगलांच्या छावणीत कैदेत वाढलेले शाहू महाराज सुटून दक्षिणेकडे निघाले होते. इकडे स्वराज्याचा कारभार महाराणी ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने चालवीत होत्या. येणारा हा खरा शाहू नव्हेच, तो तोतया आहे, अशी त्यांची भूमिका होती. वाटेत मराठवाड्यातील पारद या गावी सयाजी लोखंडे नावाच्या पाटलाने शाहूंच्या सैन्याला अडविले. लढाई झाली, गाव पडले, पाटील मारला गेला. तेव्हा पाटलाच्या विधवेने आपले लहान मूल आणून शाहूंच्या पालखीत घातले आणि अभय मागितले, असे परंपरेने सांगतात. शाहूंनी अभय दिले आणि मूलही ठेवून घेतले. स्वराज्यात आल्यावरचा हा आपला पहिलाच विजय म्हणून त्यांनी त्या राणोजी लोखंड्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि त्याला आपले भोसले हे आडनाव दिले. विरूबाईंनी त्याला आईच्या मायेने वाढविले. पुढे कर्नाटकच्या मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडे आले, आणि अक्कलकोटचे राज्य त्याच्या वंशात १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालले.

ही गोष्ट शाहू महाराजांच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. आम्हांस मात्र तिच्यात दुसराच प्रश्न दिसतो. आपल्या घराविषयी माणसाचे कर्तव्य काय? ते धरून ठेवणे, की प्रसंगी सोडून देणे? पाटलाने धरून ठेवले, त्याच्या पत्नीने सोडून दिले. दोघांनीही ते घरासाठीच केले.

पाटलाला फितूर किंवा हट्टी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्याच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्याची अडचण कळते. दोन गाद्या, दोन छत्रपती, आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच की दुसरा खोटा. उद्या जिंकणार कोण हे ठाऊक नाही. ज्याला वाट द्यावी तो हरला, तर जिंकणारा वतन काढून घेणार. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. पाटीलकी किंवा देशमुखी म्हणजे वसुलातील वाटा, इनामाची शेते, होळीच्या पहिल्या पोळीचा आणि पोळ्याच्या पहिल्या बैलाचा मान, चार गावांत बोलण्याचे वजन. हे सारे वाडवडिलांकडून आलेले, आणि आपल्या मुलांना द्यावयाचे. असा माणूस राजांच्या भांडणात सापडला, की त्याला राजा निवडावा लागतो, आणि तो निवडताना त्याचा एक डोळा नेहमी आपल्या वाड्याच्या दरवाजावर असतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी फार कठोर लिहिले आहे. हे लोक राज्याचे वाटेकरी होऊ पाहतात, आहे त्यात त्यांचे समाधान नसते, परचक्र आले की वतनाच्या आशेने ते शत्रूला जाऊन मिळतात, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. पण जिंजीच्या वेढ्याच्या काळात राज्य टिकवावे म्हणून याच लोकांना वतनांची आश्वासने द्यावी लागली होती आणि त्या वेळी कारभार याच अमात्यांच्या हाती होता, हेही विसरता येत नाही. तिकडून औरंगजेबही तेच आमिष दाखवीत होता. लिलावात माल विकला जातो आणि दोष मालाला दिला जातो, तसा हा प्रकार.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडात पंधराव्या शतकात राजघराण्याच्या दोन शाखा गादीसाठी एकमेकींशी लढत होत्या, तेव्हा नॉरफॉक परगण्यातील पास्टन नावाच्या एका जमीनदार घराण्याने आपली पत्रे जपून ठेवली. ती आज छापलेली मिळतात. या घराण्याचा मूळ पुरुष क्लेमेंट हा स्वतः नांगर धरणारा शेतकरी. त्याने मुलाला कायदा शिकविला, मुलगा न्यायाधीश झाला, जमिनी जोडल्या गेल्या, आणि जमिनींबरोबर वैरेही जोडली गेली. आपल्याकडच्या कोणत्याही घराण्याची कैफियत वाचावी तसेच हे सारे वाटते. न्यायाधीशाची सून मार्गारेट हिची पत्रे आम्हांस सर्वांत अधिक बोलकी वाटतात. नवरा लंडनात खटल्यांमागे, आणि ही गावी वाडा राखते आहे. १४४८ च्या एका पत्रात ती नवऱ्याला बाणांची यंत्रधनुष्ये पाठवावयास सांगते, आणि त्याच पत्रात बदाम, साखर व मुलांच्या अंगरख्यासाठी कापडही मागते. १४५० च्या जानेवारीत एका उमरावाच्या हत्यारबंद माणसांनी ग्रेशमच्या वाड्यावर चाल केली. ती हजारभर होती, असे नवऱ्याने आपल्या अर्जात म्हटले आहे. मार्गारेट आत होती. त्यांनी तिच्या खोलीची भिंत खालून पोखरली आणि तिला उचलून बाहेर आणले.

अशा बाईविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. पण १४६९ च्या सप्टेंबरात काय घडले तेही पाहिले पाहिजे. कॅस्टरचा किल्ला पास्टनांना वारसाने मिळाला होता. नॉरफॉकच्या ड्यूकने त्याला सैन्यानिशी वेढा घातला. आत मार्गारेटचा मुलगा मूठभर माणसांसह होता. त्याच दिवसांत मार्गारेटची मुलगी मार्जरी नॉर्विचच्या बिशपांसमोर उभी होती. तिने घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॅल याच्याशी, गुपचूप लग्नाचे वचन दिले-घेतले होते. त्या काळच्या ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांस योग्य शब्दांत दिलेले वचन हेच लग्न. धर्मगुरू आणि साक्षीदार नसणे हा दोष खरा, पण त्याने लग्न मोडत नसे. घरच्यांची इच्छा उघड होती, की बिशपांनी ते लग्न नाही असे ठरवावे. बिशपांनी मुलीला कुळाची आठवण दिली, आप्तांना केवढी लाज वाटेल हे सांगितले, आणि मग विचारले की नेमके कोणते शब्द उच्चारलेस. तिने सांगितले. वर असेही म्हणाली, की हे शब्द पुरेसे पक्के नसतील तर येथून जाण्यापूर्वी मी ते आणखी पक्के करीन. बिशपांनी कॅललाही वेगळे बोलावून तेच विचारले. शब्द जुळले. लग्न टिकले. त्या दिवशी मार्जरीला आईच्या घराचे दार बंद झाले. किल्लाही त्याच महिन्यात पडला.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात बलवानांच्या बाजूने झुकलेले निवाडेही आहेत, आणि ते आपण झाकून ठेवू नयेत. पण हा निवाडा पाहावा. एका बाजूला परगण्यातील वजनदार घराणे, दुसऱ्या बाजूला घरच्या नोकरीतला कारभारी आणि एक मुलगी. बिशपांची इच्छाही घराण्याकडेच होती असे दिसते. तरी दिलेला शब्द हा दिलेला शब्द, एवढ्या एका गोष्टीपुढे त्यांना थांबावे लागले. पास्टनांची दोन्ही भावंडे १४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत हरणाऱ्या बाजूने लढली, नंतर त्यांना माफी मिळाली, ड्यूक वारल्यावर किल्लाही परत आला. मुलीचे दार मात्र उघडल्याचे दिसत नाही. मार्गारेटने १४८२ साली मृत्युपत्र केले, त्यात मार्जरीच्या मोठ्या मुलाला वीस पौंड ठेवले आहेत. त्या वेळी मार्जरी स्वतः हयात नव्हती.

आता पुन्हा भीमेच्या काठी येऊ. सोलापुराहून मंगळवेढ्याला जाताना माचणूर लागते, आणि त्याला लागूनच ब्रह्मपुरी. आज तेथे सिद्धेश्वराचे देऊळ, नदीचा घाट आणि किल्ल्याची तटबंदी एवढेच आहे. १६९५ पासून १६९९ पर्यंत हिंदुस्थानच्या बादशहाची छावणी येथे होती. १६९७ साली याच छावणीत संताजी घोरपडे यांचे मस्तक आणले गेले. मोगलांना संताजींनी जेवढे जेरीस आणले तेवढे क्वचितच कोणी आणले असेल. पण त्यांचा शेवट मोगलांच्या हातून झाला नाही. धनाजी जाधव आणि संताजी यांच्यात वितुष्ट आले, मराठ्यांचे सैन्य आपसांत लढले, त्या लढाईत हाती सापडलेल्या अमृतराव निंबाळकरांना संताजींनी हत्तीच्या पायी दिले. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी माने यांच्या घरी होती. नागोजी म्हसवडचे देशमुख, कधी मोगलांकडे, कधी राजाराम महाराजांकडे, त्या काळच्या कित्येक वतनदारांसारखेच. भावाच्या मृत्यूचा सूड घ्यावा म्हणून राधाबाईने नवऱ्याला टोचले, असे सांगतात. पराभूत होऊन शंभूमहादेवाच्या डोंगराकडे आलेल्या संताजींना नागोजींनी एकटे गाठून ठार केले. खाफीखान सांगतो, की संताजी त्या वेळी ओढ्यावर स्नान करीत होते. नागोजींनी मस्तक कापून घोड्याच्या तोबऱ्यात ठेवले, ते वाटेत पडले, मोगलांच्या माणसांना सापडले आणि तेथून बादशहाकडे गेले.

पारदची विधवा आणि म्हसवडची राधाबाई या दोघी आम्हांस नेहमी शेजारी शेजारी उभ्या दिसतात. दोघींच्या घरी मरण आले होते. आमच्या परिचयाचे एक वाचनप्रिय गृहस्थ यावर म्हणाले, की पारदच्या बाईपुढे दुसरा मार्गच नव्हता, तेव्हा तिचे कौतुक कसले? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण मार्ग होता. ती मूल घेऊन माहेरी पळून जाऊ शकत होती. बापाच्या खुन्याचे नाव रोज कानात सांगून त्याला वाढवू शकत होती. अशी वाढविलेली मुले आपल्या इतिहासात थोडी नाहीत, आणि ती मोठी झाल्यावर काय करतात हेही आपण जाणतो. तिने मुलाचे आडनाव सोडले, त्याच्यावरचा आपला हक्क सोडला, आणि नवऱ्याला ज्याच्या सैन्याने मारले त्याच्याच पदरात त्याला घातले. शलमोन राजापुढे एका बाळासाठी भांडत आलेल्या दोन बायकांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मूल दुसरीला द्या पण त्याला मारू नका, असे जी म्हणाली तीच आई, हे राजाने ओळखले.

तेव्हा सोडून देणे हाच धर्म, असे म्हणून लेख संपविता आला असता. पण राजांच्या त्याच पहिल्या ग्रंथात थोडे पुढे नाबोथाचा द्राक्षमळा आहे, आणि तो आम्हांस आडवा येतो. आहाब राजाने काही लूट मागितली नव्हती. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला होता. आजच्या भाषेत बोलायचे तर मोबदला बाजारभावापेक्षा अधिक होता. नाबोथाने वाडवडिलांचे वतन म्हणून नाही म्हटले. त्यासाठी खोट्या साक्षीवर त्याला दगडमार झाला, आणि एलिया संदेष्टा मळ्यात जाऊन राजापुढे उभा राहिला तो नाबोथाच्या बाजूने. म्हणजे धरून ठेवणाराही देवाच्या दृष्टीने बरोबर असू शकतो. मग नाबोथ आणि नागोजी माने यांच्यात फरक कोणता? दोघांनाही घर प्रिय, घराचा मान प्रिय. आम्हांस एवढेच सुचते, की त्या प्रेमाची किंमत कोणी दिली ते पाहावे. नाबोथाने ती स्वतः दिली. नागोजींच्या घराचा मान दुसऱ्याच्या मानेवरून राखला गेला. मार्गारेटच्या घराची किंमत तिच्या पोटच्या मुलीने भरली. पारदच्या पाटलाने आपला प्राण दिला खरा, पण त्याच्याबरोबर गावानेही दिली, आणि गावाला कोणी विचारले होते असे वाटत नाही.

कारीच्या कान्होजी जेध्यांची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १६५९ साली अफजलखानाला मिळावे असे विजापूरच्या बादशहाचे फर्मान त्यांना आले. न गेल्यास वतन जाणार हे त्यात स्पष्ट होते. शेजारचे खंडोजी खोपडे गेलेही होते. कान्होजी पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे आले, फर्मान दाखविले, आणि हातात पाणी घेऊन वतनावर सोडले. शहाजी राजांना दिलेला शब्द त्यांना मोडावयाचा नव्हता. याच कान्होजींचे वडील वतनाच्या भांडणात सख्ख्या भावांकडून मारले गेले होते. वतन म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला कळले असणार? पुढे युद्ध संपल्यावर खोपडे शरण येऊ इच्छीत होते, तेव्हा त्यांच्यासाठी शब्द टाकला तोही कान्होजींनीच. प्राण वाचले, पण महाराजांनी खोपड्यांचा एक हात आणि एक पाय तोडविला. कान्होजींना ते लागले. आम्हांसही लागते, आणि महाराजांविषयीच्या आदराने ते लपवावे असे वाटत नाही.

येथपर्यंत आम्ही देशमुख-पाटलांविषयी लिहिले. पण हे पान वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या पणजोबांनी वतन पाहिले ते दुसऱ्या टोकाने. सोलापूर, नगर, मराठवाडा या भागांतील आपल्या समाजाच्या कितीतरी घरांचे मूळ महारवाड्यात आहे, आणि महारकी हेही कायद्याने वतनच होते. तुटपुंजी जमीन आणि तिच्या बदल्यात दिवसरात्र गावाचे आणि सरकारचे राबणे. हाक आली की निघायचे, सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात याविरुद्ध बिल आणले. ही जमीन म्हणजे आपल्या पायातली बेडी आहे, ती धरून ठेवू नका, हे त्यांनी आपल्या लोकांना वर्षानुवर्षे सांगितले. लोकांना ते पटणे अवघड गेले, कारण दोन बिघे का होईना, वाडवडिलांचे होते. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. सरदाराच्या वाड्यात जे माणसाला बांधून ठेवीत होते तेच झोपडीतही बांधून ठेवीत होते. मात्र वाड्यातल्याला बांधले गेल्याचे कळतही नसे.

आता वतने गेली, संस्थाने गेली. तरी आमच्या धर्मग्रामात दोन सख्खे भाऊ आहेत, ते मिस्साच्या वेळी देवळाच्या दोन बाजूंना बसतात. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की दोघेही आपापल्या भिंतीकडच्या माणसाकडे वळतात. वडील गिरणीत होते. त्यांनी दोन खोल्या आणि पुढचे अंगण एवढी मिळकत मागे ठेवली, मृत्युपत्र केले नाही. थोरल्याचे म्हणणे, आजारपण मी काढले. धाकट्याचे म्हणणे, वरचे बांधकाम माझ्या पगारातून झाले. दोघांचेही म्हणणे खरे आहे, हे साऱ्या आळीला माहीत आहे. दावा दिवाणी न्यायालयात आहे. गुरूजी, तू माझ्या भावाला वारसा वाटून द्यायला सांग, अशा अर्थाचे गाऱ्हाणे घेऊन एक माणूस प्रभू येशूकडे आला होता, हे संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. प्रभूने वाटणी करून देण्यास नकार दिला. त्या उताऱ्यावरचे प्रवचन त्या दोघांनी त्याच देवळात बसून ऐकले आहे.

त्यांची आई हयात आहे. ती तीन महिने एकाकडे, तीन महिने दुसऱ्याकडे राहते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला अशा मिळकतीत एक तृतीयांश वाटा असतो. हे तिला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. वकिलांनी मुलांना सांगितले, आणि मुलांनी तिला. आता दोघांनाही तिचे हक्कसोडपत्र आपल्या नावे हवे आहे. ज्याला ते मिळेल त्याची बाजू जड होईल. मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर ती आमच्याजवळ आली. म्हणाली, “भाऊ, तुम्ही वाचता-लिहिता. माझा वाटा मी कोणाच्या नावे सोडू?”

आम्ही म्हणालो, “मावशी, तुम्ही तो स्वतःच का ठेवत नाही?”

“ठेवला तर मी मेल्यावर पुन्हा भांडतील.”

काहीतरी बोलावे म्हणून आम्ही तिला पारदच्या बाईची गोष्ट सांगितली. तिने ती शेवटपर्यंत नीट ऐकून घेतली. पदर सारखा केला, थोडा वेळ दाराशी चपला घालणाऱ्या धाकट्याकडे आणि फाटकाशी उभ्या असलेल्या थोरल्याकडे पाहिले.

“त्या बाईला एकच लेकरू होते का हो?” तिने विचारले.